ढोल लावताना

मराठीत ‘लावणे’ हा शब्द ज्याने काढला त्याला एकदा गाठून जाब विचारावा, असं मला पुष्कळदा वाटलं आहे. दिवा लावायचा, दार लावायचं, झाड लावायचं, तबला लावायचा, माग लावायचा आणि मुलगा मोठा झाला की त्यालाही कुठेतरी लावून द्यायचा. आमच्या घरी तेलुगू बोलतात. तेलुगूत या कामांना वेगवेगळे शब्द आहेत, त्यामुळे कोण काय म्हणतोय ते लगेच समजतं. मराठी मी सोलापूरच्या गल्लीत आणि शाळेत शिकलो. आता ती मला घरच्या भाषेइतकीच येते, पण या एका शब्दापाशी माझी गाडी अजून अडते. त्याला कारण एक विलायती ढोल आहे.

तेव्हा सिनेमा मुका होता. पडद्यावरची माणसं नुसतं तोंड हलवायची आणि आवाज आम्ही करायचो. आम्ही म्हणजे पेटीवाले मास्तर आणि तबल्यावर मी. थिएटर म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड होती. मागे खुर्च्या, मधे बाकं आणि सगळ्यात पुढे सारवलेली जमीन. जमिनीवर बसणारे लोक सगळ्यांत रसिक आणि सगळ्यांत तोंडाळ. पडद्याखाली आमची सतरंजी. पडद्यावर घोडा धावला की मी धावायचो, नायिका रडली की पेटीवाले रडायचे. मला ते काम मनापासून आवडायचं.

घरी मात्र त्याला काम म्हणत नसत. आमचं घर विणकराचं. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यावर माग आणि खड्ड्यात पाय सोडून बसलेले नायना. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. आजोबांचं आयुष्य त्याच खड्ड्यात गेलं, नायनांचं चाललं होतं, आणि माझंही तिथेच जाणार हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं. मला लहानपणापासून त्या खड्ड्याची धास्ती वाटायची. माणूस कमरेपर्यंत जमिनीत गेलेला आणि हात तेवढे वर चाललेले. मराठी माणूस चिडला की ‘खड्ड्यात जा’ म्हणतो. आमच्याकडे तो घरचा धंदा होता. मी भजनी मंडळात तबला शिकलो, थिएटरात चिकटलो आणि सुटलो असं मला वाटलं.

मग एकदा वळसंगहून भजन आटपून येताना आमची बैलगाडी ओढ्याच्या उतारावर उलटली. उजवा गुडघा गाडीच्या दांडीखाली सापडला. हाडवैद्याने चोळून, बांधून, लेप देऊन तो चालता केला, पण पहिल्यासारखा दुमडता केला नाही. पाय खाली सोडून बसलो तर काही तक्रार नव्हती. मांडी घालायला गेलो की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आता ज्याला मांडी घालता येत नाही तो तबलजी कसला? मी पाय लांब करून वाजवून पाहिलं. तबला एकीकडे, डग्गा दुसरीकडे आणि मधे माझा पाय पहिल्या रांगेच्या तोंडासमोर. “मास्तर, पाय वाजवताय की तबला?” असं कोणीतरी विचारलंच.

नायना फार बोलणारे नव्हते. त्यांनी एकदाच सांगितलं, “मागावर मांडी लागत नाही. पाय खाली सोडायचे असतात.” बोलणं तेलुगूत झालं, मी ते मराठीत सांगतोय, पण अर्थ एवढा स्वच्छ होता की कुठल्याही भाषेत कळला असता. म्हणजे हिशेब सरळ झाला. वाजवायला बसण्याची काही सोय निघाली तर मी वाजवणारा, नाही तर विणणारा.

अशा वेळी थिएटरचे मालक तो विलायती ढोल घेऊन आले. स्टेशनकडच्या साहेब लोकांच्या क्लबातून कोणी साहेब विलायतेला परत चालला होता, त्याचं सामान त्यांनी विकत घेतलं होतं. मालक मला म्हणाले, “मास्तर, हे खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य हाय. तुमचा गुडघा आन् हे वाद्य, जोडी जमली की. शनवारी नवा खेळ लागतोय. तोवर ढोल नीट लावून ठेवा. जमलं तर जमलं, न्हाय तर मी पुण्याहून कुनाला तरी बोलावतो.” आणि ते दुसऱ्या कामाला निघून गेले.

हमालाने आणून टाकलेला गवत भरलेला खोका उघडला तेव्हा मी आणि पेटीवाले दोघंही नुसते बघत बसलो. एक गाडीच्या चाकाएवढा ढोल, एक थाळीएवढा छोटा ढोल, त्याच्या पोटाखाली ताणलेल्या तारा. दोन काठ्या. एक पितळी झांज. मी झांजेची दुसरी शोधायला लागलो, कारण झांज आमच्याकडे जोडीनेच येते. गवत उपसलं, खोका उलटा केला, पेटीवाल्यांनी हमालाला बोलावून दम दिला. तो बिचारा देवाची शपथ घ्यायला लागला. एकट्या झांजेचं करायचं काय हे आम्हांला कळेना, म्हणून ती आम्ही भिंतीला टेकवून ठेवली.

तळाशी आणखी एक वस्तू होती. लोखंडी पट्टी, तिला स्प्रिंग, वर दांडा आणि दांड्याच्या टोकाला लोकरीचा गोळा. पट्टी दाबली की गोळा पुढे यायचा आणि सोडली की मागे जायचा. पेटीवाल्यांच्या मते हा पायपेटीचा भाता असणार. मला ते शिलाई मशीनचं काहीतरी वाटलं. बराच वेळ आम्ही ती पट्टी आळीपाळीने हाताने दाबत बसलो, आणि गोळा आम्हांला मान डोलावत राहिला.

मालकांनी ‘लावून ठेवा’ म्हटलं होतं. वाद्य लावणं म्हणजे सुरात लावणं, हे मला लहानपणापासून माहीत. मी लगेच कामाला लागलो. पेटीवाल्यांनी पेटीवर काळी दोनचा सूर धरला आणि मी मोठ्या ढोलाच्या चाव्या पिळायला लागलो. एक चावी पिळली की समोरची सैल पडायची. ती पिळली की तिसरीकडे सुरकुती. तबल्याला लाकडी गठ्ठे असतात, वर-खाली ठोकले की सूर सरकतो, इथे ठोकायचं काय? शेवटी एवढं ताणलं की कातडं कुरकुरायला लागलं, आणि एका जागी टिचकी मारली तर षड्जासारखं काहीतरी ऐकू आलं. पेटीवाले खूश झाले. छोट्या ढोलाला मी हलगीसारखी शेकोटीची ऊब दिली. त्याच्या पोटाखालच्या तारा फार खरखर करत होत्या. वाद्यात काही बिघाड आहे असं समजून मी त्या सोडवून बाजूला ठेवल्या. आता आवाज स्वच्छ आला.

मोठ्या ढोलात खर्ज भरायला मी मृदंगाची युक्ती केली. घरून कणकेचा गोळा आणला, पाण्याने सैल केला आणि कातड्याच्या मधोमध थापला. बायकोने कणीक देताना विचारलं होतं, “घरात पोळी सणाला होते आणि तुमच्या ढोलाला रोज का?” मी गोळा फडक्यात बांधून निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक बघायला आले. मी अभिमानाने आधी छोटा वाजवला, मग मोठ्यावर काठीने एक जोरदार थाप दिली. वाळलेली कणीक सुटली आणि मालकांच्या कोटावर जाऊन बसली. त्यांनी ती शांतपणे झटकली. “मास्तर,” ते म्हणाले, “सायबाकडं हा धाडधाड वाजायचा आन् तो बारका कडकड करायचा. तुमी दोघांनाबी तबला केलात की. आन् हे काय, समदं भिंतीला टेकवून? मी लावून ठेवा म्हनलं होतं.”

“लावलाय की मालक. काळी दोनमध्ये लावलाय.”

“सुरात न्हाय हो. लावा म्हंजे उभा करा. मांडा. ज्याला पायानं वाजवतात तो पायाशी, हातानं वाजवतात तो हाताशी.” मग स्वतः मालकही जरा घोटाळले. “म्या बी पाठीमागनंच बघितलंय. साहेब बसलेला असायचा, आन् त्याचा पाय हालत असायचा. एवढं नक्की.”

पाय हलत असायचा, म्हणताच लोखंडी पट्टीचा उलगडा झाला. आम्ही ती ढोलाच्या कड्याला अडकवली, मी पाय ठेवला, आणि गोळा जाऊन ढोलावर आदळला. धड्! मी दचकून पाय मागे घेतला. मला आनंद झाला की भीती वाटली ते आज सांगता येणार नाही. पण त्या आवाजासाठी हात लागले नव्हते, मांडीही लागली नव्हती.

आता मांडणी. मालकांनी ऑफिसातली खुर्ची दिली. तिच्यावर बसलो तर छोटा ढोल कुठेतरी पोटरीपाशी. त्याला रॉकेलच्या डब्यावर चढवला तर डबाच ढोलापेक्षा मोठ्याने वाजायला लागला. ढोल जवळ घेतला की पट्टी दूर जायची, पट्टी जवळ घेतली की कोपर बरगडीत. खुर्ची उंच म्हणून टाच टेकत नव्हती, आणि लटकलेल्या पायाने गुडघा ठणकायला लागला. झांज मालकांनी सांगितल्यावर दोरीने बांबूला टांगली. ती एकटीच वाजते हे तेव्हा कळलं, आणि त्या हमालाची मला फार दया आली.

रात्रीच्या जुन्या खेळाला आम्ही ही सगळी वरात पडद्याखाली मांडून पाहिली. खेळ सुरू झाला आणि पुढच्या जमिनीवरून आरडाओरडा उठला. खुर्चीवर मी, समोर ढोल, वर लोंबकळणारी झांज. निम्मा पडदा आमच्याआड गेला होता. नायकाचे पाय दिसत नव्हते, आणि नेमका तो नायक पळत होता. “ओ मास्तर, तुमी खाली बसा की!” लोक ओरडले. खाली बसता आलं असतं तर हा खटाटोप कशाला केला असता? मी तसाच उठलो आणि लंगडत घरी आलो.

सकाळी नायना बाहेर सूत आणायला गेले होते. माग रिकामा होता. गुडघा इतका ठणकत होता की जिथे पाय खाली सोडून बसता येईल अशी घरात एकच जागा मला दिसली. जन्मात पहिल्यांदा मी आपणहून मागाच्या कडेला बसलो आणि पाय खड्ड्यात सोडले. ठणका थांबला. पाय आपोआप खालच्या फळीवर पडला. फळी दबली. माझे हात पुढे गेले तर मागाची चौकट बरोबर हाताशी, ना वर ना खाली. डोकं जमिनीवर बसलेल्या माणसाएवढ्याच उंचीवर. मी एक पाय दाबला, हाताने चौकटीवर ठेका धरला. धड्, तकतक. धड्, तकतक. सगळं जिथल्या तिथे होतं. मी एका दोरीने खड्ड्याचं माप घेतलं आणि पुन्हा ठेका धरला.

मी किती वेळ बसलो कोण जाणे. मान वर केली तर दारात नायना उभे होते, खांद्यावर सुताच्या लडी. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ते आत गेले आणि माझ्या बायकोला म्हणाले, “आज गोड कर काहीतरी.”

मला आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा सांगायचं धाडस होईना. संध्याकाळपर्यंत नायना एका फळीला रंधा मारत बसले होते. मागावर बसायची नवी फळी. उजवी बाजू त्यांनी उताराची केली होती, म्हणजे मांडीखाली कड रुतणार नाही आणि गुडघा मोकळा राहील. बोटाने कड चाचपत होते, पुन्हा रंधा मारत होते. माझ्यासाठी त्यांनी इतका वेळ कधी दिला होता ते मला आठवत नव्हतं.

जेवताना मी सांगून टाकलं. म्हटलं, मी विणायला म्हणून मागावर बसलो नव्हतो. थिएटरात पडद्याखाली असाच एक खड्डा खणला तर मला ढोल वाजवता येईल, त्याचं माप घेत होतो. नायनांनी पुढचा घास घेतला. मग त्यांनी विचारलं, “तिकडे पण खड्ड्यातच?” मी हो म्हटलं. ते हात धुवायला उठले आणि फळी भिंतीला टेकवून ठेवली. मला फार वाईट वाटलं, आणि तरी मी माप घेतलेली दोरी खिशात ठेवली होती ती काही टाकून दिली नाही.

मालकांना मी खड्ड्याचं सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले. “म्हंजे आता थेटरात माग लावायचा?” पण निम्मा पडदा परत मिळणार होता आणि शनिवार तोंडावर आला होता. सारवलेली जमीन खणली. खड्डा घरच्यापेक्षा रुंद केला, कारण मोठा ढोल पट्टीसकट त्यातच उभा करायचा होता. छोटा ढोल खड्ड्याच्या काठावर, तबला ठेवतात तसा. झांज बांबूवर, पण बुटकी. मी कडेला विटांवर पोतं टाकून बसलो.

आवाजाचं मात्र अजून अडलं होतं. खड्ड्यात उतरल्यावर तो काळी दोनचा ढोल एखादं भांडं पडल्यासारखा टणटण करायला लागला. मी चाव्या सैल करत गेलो. प्रत्येक पिळाला माझा जीव वरखाली होत होता, कारण वाद्य उतरवायचं पाप मी कधी केलं नव्हतं. सूर गेला, पेटीवाल्यांनी कपाळाला हात लावला, आणि तरी मी सैल करत राहिलो. बायकोच्या जुन्या लुगड्याची घडी करून कातड्याला आतून टेकवली. मग पायाने एक ठोका दिला. आवाज खड्ड्याच्या भिंतीत घुमला आणि मातीतून माझ्या बुडाखाली आला. तारा परत जोडल्या तसा छोटाही कडकडला. “आता कुठला सूर म्हणायचा हा?” पेटीवाल्यांनी विचारलं. वाद्य लागलं होतं की पार उतरलं होतं, मला खरंच कळत नव्हतं.

शनिवार आला आणि नवा खेळ लागला. लोक जमिनीवर बसायला लागले तेव्हा मी विटांवर सारखा सरकत होतो. पोतं कुठल्याही बाजूने दुमडलं तरी कड मांडीत रुतत होती आणि पायाला मुंग्या येत होत्या. एवढ्यात माझ्यासमोर कोणीतरी येऊन वाकलं. नायना होते. ते सिनेमाला कधीच आले नव्हते. काखेत पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

“ऊठ जरा,” त्यांनी सांगितलं. मी हातावर जोर देऊन वर झालो. त्यांनी पोतं काढून टाकलं, विटा सरळ केल्या आणि पंच्यातून ती फळी काढून विटांवर ठेवली. उताराची बाजू उजवीकडे. हाताने दाबून पाहिली, एक वीट काढली, पुन्हा दाबून पाहिली. मग मला बसायला खुणावलं. मी बसलो. गुडघा मोकळा झाला, टाच टेकली, काठ्या ढोलावर आपसूक पडल्या. त्यांनी माझा गुडघा धरून थोडा बाहेर वळवला, मागावर शिकाऊ माणसाचा वळवतात तसा.

“लागला का हो?” मालकांनी मागून विचारलं.

नायना सरळ उभे राहिले. मालक मराठी म्हणून ते मराठीत बोलले, आणि त्यांची मराठी मोजकी होती. माझ्याकडे बघत म्हणाले, “लागला.”

दिवे गेले आणि पडदा उजळला. त्या दिवशी मी काय वाजवलं ते मला आठवत नाही. लोक ओरडले नाहीत आणि मालकांनी पुण्याला कोणाला बोलावलं नाही, एवढं आठवतं. पुढच्या जमिनीवर, माझ्या खड्ड्याच्या अगदी जवळ, नायना खेळभर बसून होते. ते पडद्याकडे फारसे बघत नव्हते, माझ्या पायाकडे बघत होते.

काय लागला, हे मला विचारायचं होतं. खेळ लागला, ढोल लागला, शेवटी खड्ड्यात येऊन बसलास म्हणजे माग लागला, की मुलगा कामाला लागला? तेलुगूत बोलले असते तर लपून राहिलं नसतं. रस्त्याने येताना मी त्यांना आमच्या भाषेत विचारलं. त्यांनी माझा हात धरला, कारण पुढे गटार होतं, आणि आमच्याच भाषेत म्हणाले, “सावकाश. पाय बघून टाक.”

काही वर्षांनी सिनेमा बोलायला लागला, आमची गरज संपली आणि मालकांनी खड्डा बुजवला. ढोल कोणाकडे गेला मला माहीत नाही. फळी मी काखेत मारून घरी आणली. नायनांचे हात तोवर थकले होते. त्यांनी मागावरची आपली जुनी फळी उचलली, माझी तिथे ठेवली आणि हाताने दाबून पाहिली. मी बसलो, पाय खाली सोडले आणि फळी मला बरोबर बसली.